शॉटपुढचं काळं

धोंडीआत्या भाकऱ्या घेऊन आलीय, एवढंच भूमिका फोनवर म्हणाली. मी शहापूरला स्टुडिओत बसून एका हळदीच्या व्हिडिओतलं नवरीच्या मामाचं नाचणं कापत होते. मला वाटलं, आली तर आली. आत्या खर्डीहून येते तेव्हा काही ना काही बांधून आणतेच, त्यात मला फोन कशाला. मग भूमिका म्हणाली, "पिठलं-भाकरी हाय, ताय. फडक्यात बांधून आणलीय. उंबऱ्याच्या भायेर बसलीय, आत येत नाय." माझा हात माउसवरच राहिला. पिठलं-भाकरी फडक्यात बांधून, आणि उंबऱ्याबाहेर, हे आमच्याकडे कधी असतं ते शेंबडं पोरही सांगेल. घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही, मग सोयरे बाहेरून भाकरी आणतात आणि घरच्यांना बळंच एकेक घास भरवतात. कडू घास म्हणतात त्याला. पण आमच्या घरात कोणी गेलेलं नव्हतं. म्हणजे गेला होता एक जण, पण तसा नाही. माझा धाकटा भाऊ प्रज्वल, या भूमिकेचा नवरा, दोन वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून शेणव्याहून निघाला आणि आलाच नाही. त्याची मोटरसायकल खर्डी स्टेशनच्या स्टँडवर सापडली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. तो नाही सापडला. तो मेला असं आमच्या घरात आजवर कोणी म्हटलेलं नाही, आणि बाहेरच्या कोणी म्हटलं तर आई त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावते. "आई काय करतेय?" मी विचारलं. भूमिका म्हणाली, "चूल पेटवतेय."

आत्याला कोणी काय सांगितलं हे मला विचारायची गरजच पडली नाही. मोबाइल हातात होताच. भगीरथचं स्टेटस उघडलं, तर तिथे प्रज्वल होता. भगीरथ सिद्धगडच्या पायथ्याच्या वाडीतला, प्रज्वलचा कॉलेजातला दोस्त. त्याने गावातलीच माणसं घेऊन एक सिनेमा काढायला घेतला होता, हिरो प्रज्वल. शूटिंग जवळजवळ संपलं आणि हिरोच नाहीसा झाला. दोन वर्षं ते सगळं एका हार्ड डिस्कमध्ये पडून राहिलं. या शिमग्यानंतर भगीरथ माझ्याकडे आला, मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "ताय, जेवढा हाय तेवढ्यातच पुरा करू. त्याची मेहनत वाया नको जायला." ट्रेलर मी कापायचा असं ठरलं. काल दुपारी मी त्याला कच्चा ट्रेलर पाठवला, फक्त लांबी बघायला. भगीरथला राहवलं नाही, त्याने तो तसाच स्टेटसला लावून दिला. त्यात शेवटी प्रज्वल पायवाटेवर बसतो, तळव्यातला काटा काढतो, उठतो, कॅमेऱ्याकडे बघून विचारतो, "जाऊ काय आता?" आणि मग काळं. आवाज नाही, काही नाही, नुसतं काळं, आणि ते काळं लांबच्या लांब. ते मी केलेलं नव्हतं. पुढे लावलेला शॉट मला पटला नाही म्हणून मी तो उचलला होता, आणि कॉम्प्युटरवरच्या पट्टीवरून शॉट उचलला की मागे मोकळी जागा राहते, आणि मोकळी जागा काळी दिसते. अर्धवट काम होतं ते. ताटात एक पदार्थ वाढायचा राहावा, तसं.

पण तालुक्याला हे कोण सांगणार? तालुक्याला काळ्याचा अर्थ मीच शिकवलाय. लग्नसराई सरली की आमचा स्टुडिओ मेलेल्यांवर चालतो, खोटं कशाला बोलू. कोणी वारलं की मोबाइलला लावायला श्रद्धांजलीचा व्हिडिओ लागतो. फोटो आणून देतात, कधी आधार कार्डाचा, कधी कोणाच्या लग्नात पंगतीत बसलेला. मी आजूबाजूचे हात, पत्रावळी पुसते, माणूस एकटा करते. मग माझी एक ठरलेली रीत आहे. फोटोतला रंग हळूहळू उतरवायचा, चेहरा तेवढा थोडा वेळ थांबवायचा, आणि काळ्यात सोडायचा. काळ्यातून मग नाव आणि समई. पहिल्या वेळी ते मी घाईत केलं होतं, पण लोकांना ते इतकं पटलं की आता सांगूनच करून घेतात. "म्हातारीला काळं जरा हळू करा हां, मॅडम," असं एका माणसाने मला सांगितलं होतं, आईच्या दहाव्याला. शेणवा, खर्डी, पार किन्हवलीपर्यंत, ज्याच्या चेहऱ्यापुढे माझं काळं आलं तो माणूस गेला, हे आता पत्रिका न छापता सगळ्यांना कळतं. आत्याने सुनेच्या मोबाइलवर प्रज्वल बघितला, पुढचं काळं बघितलं, आणि उठून पिठाला हात घातला. तिचं काय चुकलं? नवरीच्या मामाला तसाच नाचता ठेवून मी स्कूटीची चावी घेतली.

शहापूर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं लागतात. राब भाजायचे दिवस होते. पाला, शेण, काट्याकुट्या पसरून पेटवलेल्या, धूर जमिनीलगत सरकत होता, आणि भाजून झालेले तुकडे शेतात काळे ठिक्कर पडले होते. याच काळ्यात मृगाला भाताचं बी टाकतात, असं काहीतरी छान माझ्या मनात यायला लागलं आणि मी स्वतःवरच चिडले. भावाच्या नावाची भाकरी दारात आलीय आणि ही बया मनातल्या मनात शॉट लावतेय. धंद्याची खोड, दुसरं काय. मला कुठलीही गोष्ट आता तिच्यापुढे काय येईल याच्यावाचून बघताच येत नाही. प्रज्वल मला यावरूनच चिडवायचा. त्याच्या लग्नाचा ट्रेलर मीच कापला होता, आणि मी तो नेटका, साधा कापला म्हणून हा रुसला. "ताय, तो बदामाचा टाक ना. बदाम मोठा होतो नि त्याच्यात भूमिका दिसते, तो." मी म्हटलं, अरे, ती रद्दी आहे, दहा वर्षांपूर्वी बंद झाली. "तुझ्या शहापुरात बंद झाली असंल, आमच्यात चालूच हाय." शेवटी टाकला बदाम. तो मोठा होत गेला, त्यातून भूमिका आली, हिरव्या चुड्याने तोंड झाकून हसत. आणि हा गाढव घरातल्या प्रत्येकाला तो बदाम पुन्हा पुन्हा दाखवत हिंडला, आईच्या डोळ्यांसमोर मोबाइल धरून, "आये, बघ, बघ, आता येईल." आठवून मला स्कूटीवर हसू आलं आणि लगेच रडूही आलं. हेल्मेटची काच खाली होती म्हणून बरं.

काट्याचा तो शॉट खरं तर शॉट नव्हेच. सिद्धगडाच्या वाटेवर प्रज्वलने धुक्यात चढून जायचं, मागे वळून बघायचं नाही, असा सीन होता. तो चढला, भगीरथ "कट" म्हणाला, पण कॅमेरावाला बटण दाबायला विसरला. म्हणून पुढचं राहिलं. अनवाणी चालायचं होतं, काटा भरला होता, पण सीन संपेपर्यंत या पठ्ठ्याने पाय लंगडू दिला नाही. कट ऐकल्यावर मग बसला, तळवा मांडीवर घेतला, दात आवळून काटा उपसला, अंगठ्याला थुंकी लावून तिथे दाबली. आणि पुन्हा चढायचंय की काय हे विचारायला वर बघितलं. जाऊ काय आता? त्याला कोणी काय उत्तर दिलं ते रेकॉर्ड झालेलं नाही, तिथेच बटण दाबलंय. अख्ख्या सिनेमात तो हिरोसारखा दिसतो, केस मागे, छाती पुढे. एवढ्या एका तुकड्यात तो प्रज्वल आहे. मी तो दिवसातून कितीदा बघते हे नवऱ्यालाही सांगत नाही. ट्रेलरच्या शेवटी हाच लावायचा हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. अडलं ते त्याच्या पुढे.

पुढे काय, हेच तर आमचं सगळं काम. दोन शॉटांच्या मधे काय घालता त्याच्यावर माणूस हसणार की रडणार ते ठरतं. सरळ कट मारला, त्याच्या तोंडावरून थेट सिनेमातल्या ढोलांवर गेले, की वाटायचं हा उठला, गेला, आता पुढच्या वळणावर कुठेतरी असेल. जिवंत वाटायचा अगदी. भगीरथला हवं होतं एक चित्र दुसऱ्यात विरघळवणं, डिझॉल्व्ह, म्हणजे प्रज्वल धुक्यात विरत जाईल आणि त्याच्यावर सिनेमातली आई उगवेल. "पब्लिक रडली पायजे, ताय." करून बघितलं. चांगलं दिसत होतं, फार चांगलं, आणि मला ते बघवेना. विरघळलं की माणसाची आठवण होते, तो माणूस राहत नाही. आणि काळ्यात सोडला तर संपला. मी नुसती हात चोळत बसायची. तो आहे, की होता, की संपला, हे पोलिसांना ठरवता आलं नाही, आईला विचारायची सोय नाही, देवऋषी झाले, ज्योतिषी झाला, आणि आता ते मी ठरवायचं, खुर्चीत बसून, एका बोटाने. सिनेमातल्या आईचा शॉट मी त्याच्यामुळेच उचलला. ती बाई छान वाट बघत होती, डोळ्यांत पाणी वगैरे आणून. माझी आई वाट बघते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नसतं. ती प्रज्वलचा नंबर बंद पडू नये म्हणून मला दर महिन्याला आठवण करते. "समे, त्याचा रिचार्ज मारलास काय गो?" मारते. दोन वर्षं मारतेय. फोन लावला की बाई सांगते, बंद आहे. बंद आहे म्हणजे आहे, असा आईचा हिशेब.

घरी भिंतीवर बाबांचा, आमच्या वडिलांचा, हार घातलेला फोटो आहे, त्याच्या शेजारी एक खिळा रिकामा होता, कॅलेंडरचा. मागच्या वर्षी शेजारची एक बाई त्या खिळ्याकडे बघून नुसती उसासली. ती गेल्यावर आईने पक्कड आणून तो खिळा उपटला. भोक राहिलंय. ती दुष्ट नाही हो माझी आई. पोरगा सकाळी निघाला तेव्हा ती भांडी घासत होती, मान वर न करता "ये लवकर" म्हणाली, रोजच्यासारखं. आमच्याकडे निघालेल्या माणसाला कोणी "जा" म्हणत नाही, तोंडातून चुकून गेलं तरी थांबवून पाणी पाजतात. "मी ये म्हनलं हाय," एवढंच ती कधीमधी बोलते. म्हणजे तो यायलाच हवा. ती म्हणाली आहे ना. असल्या माणसाला काय समजावणार, आणि कोणत्या तोंडाने? मीही तर रिचार्ज मारतेच.

पण यात भूमिका वाळून चाललीय. मागच्या आठवड्यात ती स्टुडिओत आली होती, एकटीच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पाणी प्यायली आणि बराच वेळ पडद्यावरच्या कुठल्या तरी नवरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताय, संक्रांतीला हळदीकुंकवाला गेलेले. बाई माझ्यासमोर आली नि तिचा हात थांबला. करंडा असा मधीच. लावू का नको, तिला समजंना. मग तिनं मागं बघितलं, कोणतरी सांगंल म्हणून." ती हे सांगताना तिचा स्वतःचाही हात तसाच हवेत थांबला होता. "लावलं असतं तरी चाललं असतं, नसतं लावलं तरी. पन ते थांबनं..." मुरबाडला तिच्या माहेरी एक स्थळ आलं आहे, माणूस बरा आहे, थांबायला तयार आहे, हे मला दुसरीकडून कळलं होतं. माझ्या आईला टाकून ती जाणार नाही आणि आई म्हटल्याशिवाय उठणार नाही, हेही कळलं होतं. निघता निघता चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुमी तो त्याचा ट्रेलर करताय ना. शेवटाला काळं कराल काय?" मला इतका राग आला. माझ्या भावाला माझ्या हाताने मारायला सांगतेस काय, असं अगदी ओठावर आलं. मी म्हटलं, "ते डायरेक्टर ठरवतो." ती हो म्हणाली आणि जिना उतरली, कठड्याला धरून, म्हातारीसारखी. सत्तावीस वर्षांची आहे ती.

आता स्कूटीवर हेच डोक्यात घुमत होतं. शॉट मी उचलला तो नको वाटला म्हणून, की तिने सांगितलं म्हणून? नुसती लांबी बघायला पाठवायचं होतं, तर त्या जागी दुसरं काहीही टाकता आलं असतं, डोंगर टाकता आला असता. डोंगराचे ढिगाने शॉट आहेत. मी मोकळीच का ठेवली? खरं सांगते, मला माहीत नाही. हात कधी कधी डोक्याच्या आधी काम करतो, आमच्या धंद्यात तर नेहमीच. शेणव्याच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली बायका फुलं वेचत होत्या, त्यातल्या एकीने मला ओळखलं आणि पदर तोंडाला लावला. म्हणजे बातमी इथवर आली होती. मी मनात वाक्य तयार करत होते. आये, चूक झालीय माझी, कामातली चूक, मी आत्ता नीट करते, भगीरथला काढायला लावते, आत्याला सांगते. वाक्य तयार होतं. शेणवा येईपर्यंत मी ते पाठ केलं होतं.

आत्या खरंच उंबऱ्याबाहेर बसली होती, पडवीत, भिंतीला टेकून, मांडीत गाठोडं. मला बघून तिने रडायला तोंड उघडलं आणि आतल्या चुलीचा आवाज ऐकून मिटलं. भूमिका दाराच्या चौकटीला उभी होती, ना आत, ना बाहेर. आई चुलीपुढे. आधण खळखळत होतं, झाकणी उडत होती, आणि ती त्यात तांदूळ घालत नव्हती, नुसती जाळ सारत होती, मोठाच मोठा. "आये," मी म्हटलं, आणि पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं, एका दमात. मोकळी जागा, उचललेला शॉट, भगीरथचा उतावीळपणा. आईने ऐकलं असावं. जाळाकडे बघतच म्हणाली, "दाव."

मला कळेना. दोन वर्षांत तिने त्याचा एक फोटो बघितलेला नाही. लग्नाचा तो बदामसुद्धा नाही. "काय दाखवू?"

"लोकांनी बघितला तो. माझा पोरगा लोकांनी बघितला, मी नाय बघितला. दाव."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मोबाइल धरला. भूमिका कधी मागे येऊन बसली ते कळलं नाही, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. धुकं आलं, ढोल आले, हिरो प्रज्वल आला, छाती पुढे काढून. आई त्याच्याकडे परक्या मुलाकडे बघावं तशी बघत होती. मग काटा. तो खाली बसला, तळवा मांडीवर घेतला, आणि आईचा चेहरा बदलला. "खोल गेलाय रं," ती पुटपुटली. तो काटा उपसताना तिनेच दात आवळले. त्याने थुंकी लावली तशी तिने मान हलवली, हां, अशी. मग तो उठला, वर बघितलं, थेट तिच्याकडेच, आणि विचारलं, "जाऊ काय आता?"

काळं झालं. माझं बोट काचेवर होतं, बंद करायला, आणि मी केलं नाही. त्या काळ्या काचेत आम्हा तिघींची तोंडं दिसत होती, चुलीच्या उजेडात. आई बघत राहिली. काळं संपायलाच तयार नव्हतं, मीच ठेवलं होतं ते इतकं लांब. मग आईने हात पुढे केला, काचेवरून अंगठा फिरवला, घाम पुसावा तसा, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "जा."

आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "जा रं बाळा."

मी आजवर तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. भूमिकेने माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. आई उठली नाही. बसल्या जागेवरूनच तिने चुलीतली लाकडं एकेक मागे ओढली, निखारे राखेत लोटले. आधणाचा आवाज कमी कमी होत बंद पडला. पडवीत आत्याने आता मात्र रडायला सुरुवात केली, आणि आईने तिला गप्प केलं नाही. "वन्सं," ती म्हणाली, "आत या. कवाच्या बसलाय तिथं." आत्या उंबरा ओलांडून आली, गाठोडं सोडलं, भाकरीला हात घालणार तर आईने तिचा हात धरला आणि भाकरी स्वतःकडे घेतली. पहिला तुकडा मोडला, पिठल्याला लावला, आणि भूमिकेपुढे धरला. भूमिका मान हलवत राहिली. "खा," आई म्हणाली. "दोन वर्स उपाशी हायेस तू. मी ठेवली उपाशी. खा, मग मुरबाडला बापाला फोन लाव." भूमिकेने तोंड उघडलं तेव्हा तिला गिळता येत नव्हतं, आई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली, घास खाली उतरेपर्यंत.

मोबाइल माझ्या मांडीवर पुन्हा पहिल्यापासून चालू झाला होता, मी तो पालथा घातला. संध्याकाळी भगीरथचा फोन आला, रडत होता, म्हणाला स्टेटस काढून टाकलं, आता त्या काळ्याच्या जागी कुठला शॉट टाकायचा ते तू सांग. मी म्हटलं, काही टाकू नकोस, आहे तसंच राहू दे. पण ते नंतरचं. तेव्हा आई माझ्याकडे वळली होती, दुसरा तुकडा हातात घेऊन. मी तोंड पुढे केलं. पिठल्यात मीठ नव्हतं, की मलाच लागलं नाही, कोण जाणे.